जंगलाचा पांढरा, कागदाचा पांढरा

प्रिंटर अडला, मोबाइल हँग झाला, सोसायटीचं पत्रक टाइप करायचंय, काहीही असो, एकच वाक्य कानावर येतं, "अरे तू कॉम्प्युटरमधला ना, बघ की जरा." मला वाटायचं हे फक्त आपल्याकडे. स्वीडनमध्ये येऊन सात वर्षं झाली, गोथेनबर्गच्या एका ओरिएंटीअरिंग क्लबात शिरून तीन, आणि एका बुधवारी प्रॅक्टिस संपल्यावर क्लबच्या लाकडी घरात ओले बूट बाहेर काढून कॉफी पीत बसलो होतो तर क्लबचे नकाशेवाले काका अगदी त्याच सुरात म्हणाले, तू कॉम्प्युटरमधला ना, मग जूनच्या शर्यतीच्या नकाशाला तेवढी बॉर्डर मार आणि स्पॉन्सरचे लोगो टाकून दे, अर्ध्या तासाचं काम आहे.

अर्ध्या तासाचं काम. सहा आठवडे गेले माझे त्यात.

काका हे मी मनातल्या मनात म्हणतो. तोंडाने नावानेच हाक मारतो, कारण इथे लहानथोर सगळे एकमेकांना नावाने आणि 'दू' म्हणजे 'तू' म्हणतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला अरेतुरे करताना पहिलं वर्षभर माझी जीभ अडखळायची, म्हणून मग मी वाक्यच असं फिरवायचो की त्यात तू यायलाच नको. आता सवय झाली. मनात मात्र ते काकाच, अहोजाहोवाले.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हातात नकाशा आणि होकायंत्र, जंगलात ठिकठिकाणी ३० सेंटिमीटरचे नारिंगी-पांढरे झेंडे टांगलेले, त्या जागांना कंट्रोल म्हणतात, ते दिलेल्या क्रमाने शोधायचे, बोटावरच्या चिपने तिथे टिक करायचं आणि लवकरात लवकर परत यायचं. मधला रस्ता ज्याने त्याने ठरवायचा. शब्द स्वीडिश लष्करातला, १८८६च्या सुमाराचा, आणि लोकांसाठी खुली अशी पहिली शर्यत ३१ ऑक्टोबर १८९७ला नॉर्वेत, आजच्या ऑस्लोजवळ झाली. १९६१ला दहा देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघटना काढली, आयओएफ. बाकी इतिहास तुम्हाला नेटवर मिळेलच. माझ्यासारख्या सह्याद्रीत भटकून वाढलेल्याला या खेळात काय वेगळं वाटलं असेल तर नकाशा. आम्ही कॉलेजात असताना सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटची झेरॉक्सची झेरॉक्स घेऊन फिरायचो, ४७ एफ सिरीजवाली, एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर, कंटूर, म्हणजे समान उंची जोडणाऱ्या रेघा, २० मीटरचे आणि तेही झेरॉक्समध्ये निम्मे उडालेले. तो नकाशा म्हणजे दुरून बघितलेला डोंगर. इथला नकाशा म्हणजे डोंगराचा एक्स-रे. १:१००००, कंटूर ५ मीटरला, एक मीटरपेक्षा उंच असलेला ठळक धोंडा असेल तर त्याचा वेगळा काळा ठिपका, खड्डा वेगळा, मुंग्यांचं मोठं वारूळसुद्धा कधीकधी. पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी पळायचंच विसरलो होतो, वाचतच बसलो.

तर या नकाशाला बॉर्डर.

फाइल आली ओकॅडची. ओकॅड हे या धंद्यातलं जुनं जाणतं सॉफ्टवेअर, स्वित्झर्लंडमधल्या हान्स श्टाइनएगर नावाच्या माणसाने १९८०च्या दशकाच्या शेवटी लिहिलेलं, आणि जगभरचे ओरिएंटीअरिंगचे नकाशे बहुतेक त्यातच जन्माला आले. त्याचं लायसन क्लबकडे एकच, ते काकांच्या लॅपटॉपवर, आणि तो लॅपटॉप काका कुणाला देत नाहीत. मग मी ओपनओरिएंटीअरिंग मॅपर उतरवून घेतलं, ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि ओकॅडची फाइल उघडतं. शर्यतीचा मार्ग, म्हणजे सुरुवातीचा त्रिकोण, कंट्रोलची वर्तुळं, त्यांना जोडणाऱ्या रेघा, शेवटचं दुहेरी वर्तुळ, हे सगळं जांभळ्या रंगात पर्पल पेन नावाच्या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये होतं. म्हणजे नकाशा एकीकडे, मार्ग दुसरीकडे, लोगो ईमेलमध्ये, आणि स्पॉन्सरची यादी काकांच्या खिशातल्या चिठ्ठीवर.

मी ऑफिसात दिवसभर डिझाइनवाल्या पोरांबरोबर स्क्रीन बनवत असतो, त्यामुळे मला वाटलं हे म्हणजे डाव्या हाताचा मळ. फाइल उघडली. एका बाजूला तळं, त्याच्या काठाने तिरकं गेलेलं जंगल, मध्ये थोडे हिरवे पट्टे, तपकिरी कंटूरची जाळी, आणि वरच्या उजव्या बाजूला एक मस्त मोठा पांढरा भाग, दोन-चार कंटूर सोडले तर मोकळाच. डिझाइनवाल्यांच्या भाषेत व्हाइट स्पेस. मी बँकेचा लोगो उचलून बरोबर तिथे ठेवला, थोडा मोठा केला, बाजूला बेकरीचा, खाली क्लबचा, सगळं कसं एका रेषेत. वीस मिनिटांत काम फत्ते. पीडीएफ करून काकांना पाठवली आणि वर एक स्मायली.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, एका ओळीचं. "तू बँक जंगलात का बांधलीस?"

मला कळायला अर्धा मिनिट लागला, आणि कळल्यावर कान तापले. तीन वर्षं हा खेळ खेळतोय मी. या नकाशावर पांढरा म्हणजे रिकामा नाही, पांढरा म्हणजे जंगल! मोकळं, उंच झाडांचं, जोरात पळता येईल असं जंगल. मोकळी जमीन पिवळी, पाणी निळं, आणि जंगल जसजसं दाट होत जातं तसा हिरवा गडद होत जातो, फिक्या हिरव्यात वेग ६० ते ८० टक्क्यांवर येतो, मधल्यात २० ते ६०, आणि गडद हिरव्यात शिरलात तर करवंदीच्या जाळीत अडकलेल्या शेळीसारखी गत. पण ज्या जंगलात काहीच अडथळा नाही, नीट पळता येतं, ते कोरं सोडतात. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्याकडे सगळीकडे जंगलच, मग शाई कशाला घालवा, जे नेहमीचं आहे तो कागदाचाच रंग, असा हिशेब असावा, असं आपलं मला वाटतं. आपल्याकडे कुणी असा नकाशा पहिल्यांदा काढला असता तर कोरा सोडला असता माळ.

आणि पळताना हे मला पक्कं माहीत असतं. पायाला माहीत असतं म्हणा ना. पण खुर्चीत बसून माउस हातात आला की पांढरं दिसलं की जागा दिसते, तिथे काहीतरी ठेवावंसं वाटतं. ऑफिसची सवय.

तिथून मला बॉर्डरचा अर्थ लागायला लागला. तोपर्यंत बॉर्डर म्हणजे शोभा, फोटोला फ्रेम तशी नकाशाला. काकांच्या समोर बसलो तेव्हा त्यांनी बॉर्डर नसलेला नकाशा टेबलावर ठेवला आणि पेन्सिलने जंगलाच्या कडेला बोट दाखवून विचारलं, इथे जंगल आहे की कागद? खरंच सांगता येईना. नकाशा काढणारा जिथे थांबला तिथे कंटूर थांबले होते, पण सपाट जंगलात मुळात कंटूरच नसतात, म्हणजे कोऱ्या जंगलातून कोऱ्या कागदात तुम्ही कधी गेलात ते कळणारच नाही. एक पांढरा म्हणजे मी इथे येऊन बघितलं, झाडं आहेत, पळ बिनधास्त. दुसरा पांढरा म्हणजे मी इथे आलोच नाही. रंग तोच. दोघांच्या मध्ये फक्त एक काळी रेघ.

आता थोडं मामांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझ्या मामांचा मिरजेत छापखाना होता. ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या केसा, शाईचा आणि रॉकेलचा वास, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथेच पडीक असायचो आणि वापरून झालेले खिळे परत त्यांच्या त्यांच्या घरात टाकायचं काम करायचो, चार आण्याच्या आइसफ्रूटवर. लग्नसराईत पत्रिकांचा रतीब. मॅटर जुळवून झालं की मामा बॉर्डरचे तुकडे लावायला घ्यायचे. वेलबुट्टी, मोर, साधी दुहेरी रेघ. कोपऱ्याचे तुकडे वेगळे असायचे आणि चौथा कोपरा कधीच नीट बसायचा नाही, तिथे मग पुठ्ठ्याची चकती घालून ठोकून बसवायचं. बॉर्डरच्या आत कोणाचं नाव आणि कोणत्या ओळीत यावरून काय काय रामायणं झालेली मी पाहिलीत, एकदा एका चुलत्याचं नाव जागा नाही म्हणून बॉर्डरच्या खाली छापायचं ठरलं तर तो चुलता छापखान्यात येऊन म्हणाला, "आमी काय भाईर बसायचं व्हय?" मामांनी रात्री परत मॅटर सोडून जुळवलं. बॉर्डरच्या बाहेर फक्त छापखान्याचं नाव, अगदी बारीक खिळ्यात. आणि काम कुठलंही असो, पावतीपुस्तक असो की दूध डेअरीचं कार्ड, चौकटीच्या वर मधोमध एक 'श्री'. त्याचे पैसे नाहीत घ्यायचे मामा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे काकांनी एकदा कपाट उघडून त्यांचे जुने नकाशे दाखवले. कॉम्प्युटरच्या आधीचे. प्रत्येक रंगाची वेगळी पारदर्शक शीट, त्यावर शाईच्या पेनने हाताने काढलेलं, तपकिरीची एक, काळ्याची एक, निळ्याची एक, आणि प्रत्येक शीटच्या कोपऱ्यांत अधिकच्या (+) खुणा, त्या एकावर एक बसल्या की रंग जागेवर बसले. मी लगेच म्हणालो, रजिस्टर! मामांकडे दोन रंगांची पत्रिका असली की कागद मशीनमधून दोनदा जायचा आणि गणपतीचा लाल मुकुट डोक्यावरून अर्धा सूत सरकला की मामा अख्खा गठ्ठा बाजूला टाकायचे. काकांनी मान हलवली. एकदा त्यांच्या नकाशात निळा रंग असाच सरकला होता म्हणे, आणि ओढा टेकडीवर चढला होता.

सॉफ्टवेअरमध्ये रजिस्टर सरकत नाही, पण भूत तेच आहे, फक्त नवीन जागी राहायला गेलंय. फोटोशॉप किंवा त्यासारखं काही वापरलेल्या माणसाला वाटतं की वस्तू एकावर एक ठेवायची, पुढे आण, मागे ने, झालं. ओकॅडमध्ये आणि मॅपरमध्ये तसं नाही. तिथे वर-खाली ठरतं रंगाच्या यादीवरून. यादीत काळा हिरव्याच्या वर असेल तर नकाशातलं काळं सगळं हिरव्याच्या वर, तुम्ही काहीही आधी काढा नाहीतर नंतर काढा. म्हणजे ते अजूनही त्या पारदर्शक शीटाच आहेत, एक रंग एक शीट, नुसत्या दिसत नाहीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बॉर्डरच्या बाहेरचं सगळं झाकायला एक भला मोठा पांढरा आयत काढला, 'कट होल' टूलने त्याच्या मध्ये नकाशाएवढं भोक पाडलं, म्हणजे फोटोफ्रेमच्या आतला माउंट असतो ना तसं, आणि तरी कंटूर बाहेर डोकावतच होते. दोन रात्री डोकं खाजवलं. शेवटी कळलं की मी घेतलेला पांढरा यादीत तपकिरीच्या खाली होता. एक नवीन पांढरा बनवला, त्याला सगळ्या रंगांच्या वर नेऊन बसवला, त्याच्या वर बॉर्डरचा एक वेगळा काळा, आणि मग एका क्लिकमध्ये सगळं जंगल शहाण्यासारखं चौकटीत येऊन बसलं. रात्रीचे पावणेदोन वाजले होते, बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, काठ छान आहे, झोप आता.

लोगोंचं दुखणं वेगळंच. मॅपरमध्ये चित्र म्हणून वस्तू ठेवताच येत नाही, फोटो किंवा स्कॅन फक्त टेम्पलेट म्हणून मागे-पुढे लावता येतो, म्हणजे लोगो नीट हवा असेल तर रेघारेघांनी चिन्ह म्हणून काढा नाहीतर टेम्पलेटवर भागवा. मी शेवटी लोगो पर्पल पेनमध्ये लावायचे ठरवले, तिथे चित्र सरळ टाकता येतं, मजकूर टाकता येतो, नको तो भाग पांढऱ्याने झाकता येतो. पण चित्र तर हवं ना. बेकरीने लोगो पाठवला तो व्हॉट्सॲपवर, २०० पिक्सेल रुंद. कागदावर तो ४ सेंटिमीटर घ्यायचा म्हणजे इंचाला १२७ ठिपके, छापल्यावर पाव खाऊन उरलेल्या चुऱ्यासारखा दिसतो. किमान ३०० हवेत, म्हणजे पावणेपाचशे पिक्सेल. व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फुटणारी, आहे का विचारलं तर त्यांनी तोच जेपेग पीडीएफमध्ये चिकटवून पाठवला. हे जगात सगळीकडे असंच चालतं बहुतेक, मिरजेत लोक जुन्या पत्रिकेतला गणपती कात्रीने कापून आणायचे आणि म्हणायचे ह्याचाच ब्लॉक करा. जेपेगचं आणखी एक म्हणजे त्याला पारदर्शक व्हायचं ठाऊकच नाही, गोल लोगोभोवती पांढरा चौकोन येतोच, आणि तो चौकोन खाली जे असेल ते गिळतो, आणि पांढऱ्याने जंगल गिळलं तर ते गिळलंय हेसुद्धा कळत नाही, कारण तिथे आता दिसतं ते... पांढरं. म्हणजे पळणाऱ्याला वाटणार, वा, मोकळं जंगल.

त्यात मी स्वतःची अक्कल लावून एक स्पॉन्सर आणला होता, शहरातलं एक इंडियन रेस्टॉरंट, मालक ओळखीचा. त्याचा लोगो म्हणजे जांभळट गुलाबी रंगाचं एक गोल कडं आणि मध्ये इवलासा मोर. मोठ्या कौतुकाने टाकला. काकांनी नकाशा हातात धरला, लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले हा सतरावा कंट्रोल कुठून आला? कंट्रोलचं वर्तुळ जांभळं असतं हे शाळेतल्या पोराला माहीत. मालकाला फोन करून काळ्या रंगात लोगो वापरू का विचारलं तर तो म्हणाला, "काळा? भाऊ, अशुभ दिसतं." हिरवा म्हणाला तर हिरवा जंगलाचा, निळा म्हणाला तर पाण्याचा. या नकाशात शाई कुठलीही घ्या, तिला आधीच काहीतरी अर्थ आहे, तिथे सजावटीला रंगच उरत नाही. शेवटी मोर ठेवला आणि कडं काढलं.

पण माझी सगळ्यात मोठी चूक लोगोंची नव्हती. जंगल तिरकं होतं, तळ्याच्या काठाने वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेलं, आणि ए-फोर कागद उभा. तिरकं जंगल उभ्या कागदात घातलं की दोन कोपरे वाया जातात. मी काय केलं, अख्खा नकाशाच वीसेक अंश फिरवला. जंगल सरळ उभं राहिलं, कागद छान भरला, बॉर्डर कागदाला समांतर, खाली लोगोंची एक ओळ. खरं सांगतो, देखणा दिसत होता. उत्तर दाखवणाऱ्या रेघा तेवढ्या तिरक्या झाल्या होत्या, पण त्या आहेत ना नकाशावर, बघेल की ज्याला बघायचंय तो.

काका यावेळी काही बोललेच नाहीत. त्यांनी मला नकाशा आणि होकायंत्र दिलं आणि म्हणाले, दाराबाहेर जा, उत्तरेकडे तोंड कर आणि पाच सेकंदांत आत ये. गेलो. नकाशा फिरवला, तोंड केलं, आत आलो. म्हणाले, तू कशाने उत्तर लावलीस? आणि मला जाणवलं की मी रेघांकडे बघितलंच नव्हतं, कागदाची कड सुईला समांतर धरली होती. धावताना, घाम डोळ्यांत, चष्म्यावर पाऊस, नकाशा घडी घालून अंगठ्याखाली, तेव्हा कोण रेघा शोधतंय. हात आपोआप कडेला धरतो. नकाशाच्या बाजू चुंबकीय उत्तरेला समांतर हव्यात असं नियमावलीत लिहिलेलं आहे, आयसॉम २०१७मध्ये, मी ते नंतर वाचलं. आणि उत्तर इथे चुंबकीयच, खरी नाही. पुण्यात किंवा मुंबईत बसून हा फरक समजत नाही कारण आपल्याकडे चुंबकाची उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच आहेत, एका अंशाच्या आत, गोथेनबर्गला ती चार-पाच अंश पूर्वेला कलते आणि दरवर्षी थोडी थोडी सरकते, त्यामुळे जुन्या नकाशाच्या रेघा अधूनमधून नव्याने माराव्या लागतात. काकांच्या कपाटातल्या एकाच जंगलाच्या चार नकाशांवर चार उत्तरा आहेत.

टोपोशीटची बॉर्डर आठवली तेव्हा. तिच्या कडेकडेने अंश आणि मिनिटं लिहिलेली असायची, कोपऱ्यात अक्षांश-रेखांश, खाली स्केलची पट्टी, शेजारच्या शीटचे नंबर. ती बॉर्डर बोलायची. (आणि आपल्याला हवा तो गड नेहमी दोन शीटच्या मधोमध यायचा, हा एक स्वतंत्र विषय आहे. शीट मिळवायला तेव्हा काय काय करावं लागायचं तोही. १५ फेब्रुवारी २०२१ला सरकारने नकाशांचे नियम बरेच सैल केले, आमची पिढी तोपर्यंत गुडघ्यांच्या डॉक्टरकडे लागली होती.) या नकाशाची बॉर्डर मुकी, ना आकडा ना अक्षर, पण हाताला ती दिशा सांगते, अंधारात भिंतीला हात लावून चालावं तशी.

मग परत उलटं फिरवलं सगळं. नकाशा सरळ, उत्तर वर, जंगल तिरकं ते तिरकंच. आता ते कागदात बसवायला मी बॉर्डरलाच दुमडलं. वरच्या उजव्या अंगाला शर्यत जातच नव्हती, तिथे नकाशाचा तेवढा तुकडा कापून बॉर्डर आत वळवली, खाली वळवली, सहा कोपऱ्यांची झाली. सहा कोपरे असले तर तिला चौकट म्हणावं का माहीत नाही. त्या कापलेल्या खाचेत बँक, बेकरी, बिनकड्याचा मोर, क्लबचा लोगो, स्केल आणि कंटूरचं अंतर असं सगळं दाटीवाटीने बसलं, आणि विशेष म्हणजे बँकेचा लोगो जवळजवळ तिथेच आला जिथे मी पहिल्या दिवशी ठेवला होता. फक्त आता तिथे जंगल नव्हतं. बॉर्डर मी आधी मामांच्या संस्काराने जाड-बारीक अशी दुहेरी मारली होती, ती काकांनी खोडली, दोन समांतर काळ्या रेघा बघून लोक रस्ता समजतील म्हणाले. एकच रेघ ठेवली.

छपाईच्या आदल्या दिवशी शेवटचा तमाशा. ऑफिसच्या नाही, क्लबच्या प्रिंटरवर साठ प्रती काढल्या, पावसात टिकणाऱ्या महागड्या कागदावर. काकांनी गठ्ठ्यातली एक उचलली, खिशातून पट्टी काढली आणि उत्तरेच्या दोन रेघांमधलं अंतर मोजलं. या रेघा प्रत्यक्षात ३०० मीटरवर असतात, १:१००००ला ३० मिलिमीटर यायला हवेत. आले २९ आणि किंचित वर. प्रिंटरच्या डायलॉगमध्ये 'फिट टू पेज' टिक केलेलं होतं. बॉर्डर कागदाच्या कडेला अगदी खेटून मारली होती मी, तिथपर्यंत प्रिंटर पोचत नाही, म्हणून त्याने गुपचूप सगळं ९७ टक्के केलं होतं. खाचेत छापलंय १:१००००, कागद आहे १:१०३०९. पाऊलं मोजत पळणाऱ्याचा शंभर मीटरला तीन मीटर घोळ, दाट हिरव्यात झेंडा न दिसायला तेवढे पुरतात. साठच्या साठ बाद. बॉर्डर चारी बाजूंनी पाच मिलिमीटर आत घेतली, 'ॲक्चुअल साइज' टिक केलं, परत छापलं, परत पट्टी. तीस. काकांनी पट्टी खिशात ठेवली. शाबासकी वगैरे प्रकार या देशात नसतो, पट्टी खिशात गेली हीच शाबासकी.

बाद प्रती मी घरी आणल्या, पोरगी मागच्या बाजूला चित्रं काढते.

शर्यत चांगली झाली, पाऊस पडला, मोराकडे बघून कुणी सतरावा कंट्रोल शोधला नाही. त्या रात्री मी पीडीएफ मामांना व्हॉट्सॲपवर पाठवली. छापखाना बंद होऊन पंधराएक वर्षं झाली, ट्रेडल भंगारात गेलं, पण मामा अजून लोकांच्या घरच्या पत्रिका भिंगातून बघतात. निळे टिक झाले आणि बराच वेळ काही नाही. मग व्हॉइस मेसेज आला, मागे टीव्हीचा आवाज. "बॉर्डर लई बारीक घेतलीस. कोपरे चार सोडून सहा कशापायी केलेस ते काय कळलं न्हाई. रजिस्टर मातूर झकास बसलंय. आन् काय रं, वर श्री कुठाय?"

ऑगस्टच्या शर्यतीचा नकाशा परत माझ्याकडेच आला, अर्थातच. यावेळी खरंच अर्ध्या तासात झाला. बॉर्डर, खाच, लोगो, आणि सगळ्यात शेवटी वर मधोमध, रेघेच्या बाहेर, तीन मिलिमीटर उंचीचं एक 'श्री', काळ्यात.

काकांनी भिंग लावलं. कंटूर बघितले, जांभळ्याखालून काळं दिसतंय का बघितलं, पट्टीने तीस मोजले, आणि भिंग वर येऊन थांबलं.

"हे कसलं चिन्ह? हे आयसॉममध्ये नाही."

"बॉर्डरच्या बाहेर आहे," मी म्हणालो.

त्यांनी परत एकदा भिंग लावून खात्री केली.

"मग चालेल," म्हणाले, आणि प्रिंटर चालू केला.